उपचारात हलगर्जीपणा झाला असं वाटतंय? वकिलाकडे जाण्याआधीची तयारी

आधी कागद मिळवा. हॉस्पिटलशी भांडण नंतर. डिस्चार्ज कार्डावर केस उभी राहत नाही. केसपेपर, नर्सिंग नोट्स, औषधं दिल्याचा तक्ता, ऑपरेशन आणि भुलीच्या नोंदी, संमतीपत्र अशी नावं घालून लेखी अर्ज द्या आणि आपल्या प्रतीवर शिक्का, सही, तारीख घ्या. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांप्रमाणे हे कागद ७२ तासांत द्यायचे असतात. जपून ठेवण्याचं बंधन मात्र ३ वर्षांचंच आहे, म्हणून थांबू नका. मेडिक्लेमला मूळ बिलं द्यायची असतील तर त्याआधी झेरॉक्स काढा. ईसीजीची पट्टी पुसट होत जाते, त्यात आपल्याकडचा पावसाळा, तेव्हा तिची झेरॉक्स त्याच दिवशी हवी.

कोकणातला पेशंट एका दवाखान्यात क्वचितच राहतो. गावचे डॉक्टर, तालुक्याचं ग्रामीण रुग्णालय, मग कोल्हापूर, गोव्यातलं बांबोळी नाहीतर मुंबई. प्रत्येक ठिकाणचे कागद वेगळे मागावे लागतात, आणि चूक नेमकी कुठे झाली ते वेळांवरून कळतं. समजा, फुरसं चावलं. किती वाजता चावलं, पहिल्या दवाखान्यात कधी पोचलात, काचेच्या नळीत २० मिनिटं रक्त ठेवून ते गोठतं का पाहिलं का, सर्पदंशाची लस कधी दिली, किती वायल (कुप्या) दिल्या, पुढे कधी पाठवलं? रेफर चिठ्ठी, १०८ रुग्णवाहिकेची नोंद आणि मोबाइलमधले कॉल जुळवून हे सगळं क्रमाने लिहा. आठवणीतली वेळ कागदाशी जुळत नसेल तर दोन्ही लिहा.

रुग्ण दगावला आणि शंका असेल, तर अंत्यसंस्काराआधी पोलिसांना लेखी कळवून शवविच्छेदन मागा. त्या घडीला हे फार जड जातं, पण ते नसेल तर मृत्यूचं कारण सिद्ध करताना पुढे केस अडते.

गुण आला नाही म्हणजे हलगर्जीपणा झाला असं कोर्ट मानत नाही. त्या शाखेच्या सर्वसाधारण डॉक्टरने जे केलं असतं ते झालं नाही आणि त्यामुळेच नुकसान झालं, हे दोन्ही दाखवावं लागतं. त्यासाठी त्याच शाखेच्या तज्ज्ञाचं लेखी मत घ्या, शक्यतो जिल्ह्याबाहेरच्या; लहान गावात ओळखीच्या डॉक्टरविरुद्ध लिहून द्यायला सहसा कुणी धजत नाही. फौजदारीची घाई नको: सर्वोच्च न्यायालयाच्या २००५ च्या जेकब मॅथ्यू निकालानंतर तिथे घोर निष्काळजीपणाच दाखवावा लागतो.

भरपाईसाठी ग्राहक आयोगात २ वर्षांच्या आत तक्रार हवी. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने ती आपण राहतो तिथल्या जिल्हा आयोगात करता येते, म्हणजे उपचार कोल्हापुरात झाले तरी तक्रार रत्नागिरीत चालते. तक्रारीचं शुल्क ठरतं उपचाराला मोजलेल्या रकमेवर. ५ लाखांपर्यंत काहीच नाही. जिथे सगळ्यांनाच मोफत उपचार मिळतात ते सरकारी रुग्णालय या कायद्यात बसत नाही; तिथे दिवाणी दावा, आणि त्याआधी सरकारला २ महिन्यांची नोटीस.

आयोगात वकील सक्तीचा नाही, पण वैद्यकीय केस एकट्याने लढवू नये. वकिलांची फी आधी लेखी ठरवा. ती झेपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अर्ज करा. बाईमाणसाला तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.