एका कापडावर सगळ्यांची अंगणं

‘विविधतेत एकता’ असा विषय दिला की मुलं ठरलेलं चित्र काढतात. फेटेवाला, पगडीवाला, टोपीवाला, हातात हात आणि मागे तिरंगा. त्यात त्या मुलाच्या स्वतःच्या घरातलं काहीच नसतं, याचं मला फार वाईट वाटतं. मी सोलापुरात चित्रकला शिकवते. आमच्याकडे मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू बोलणाऱ्या घरांतली मुलं एकाच वर्गात असतात. म्हणून मी सुरुवात उंबरठ्यापासून करते: प्रत्येकाच्या दारातली नक्षी एकाच मोठ्या कापडावर रंगवून घेते.

आधी आठवडाभर गृहपाठ द्या: घरातल्या आजीला किंवा आईला विचारा, दारात काय काढता? आणि तिच्याकडून हाताने शिकून वहीत उतरवून आणा. मोबाइलवरचं डिझाइन चालणार नाही, हे ठणकावून सांगा. मग वहीत खरा ऐवज येतो. कुणी चैत्रगौरीपुढचं चैत्रांगण आणतं, गोपद्मं, तुळस, पाळणा, फणी-करंड्यासकट. तेलुगू घरातून ठिपक्यांभोवती वळणं घेत जाणारा मुग्गू, म्हणजे तिथली रांगोळी येते, कन्नड घरातून चुक्की रंगोली, म्हणजे ठिपक्यांची रांगोळी. ज्यांच्या दारात रांगोळी नसते त्यांना मेंदीतली, खिडकीच्या जाळीतली नक्षी विचारा. लमाणी तांड्यावरची मुलगी आईच्या कांचळीवरची (चोळीवरची) आरसे-कवड्यांची ओळ आणू शकते. तिला तीच काढू द्या.

कापड मांजरपाटाचं घ्या, ९० सेंमी पन्ह्याचं, ३ मीटर. खळ निघेपर्यंत धुवा, वाळवा, इस्त्री करा. ४५ सेंमीचे १२ चौकोन आखा, उरलेलं कापड दोन्ही टोकांना दांडीसाठी दुमडा. एका चौकोनावर चार मुलं पुरेत. मागची जमीन गेरूच्या रंगाची: चार वाट्या पाण्यात एक वाटी गेरू, अर्धी वाटी फेव्हिकॉल. पांढऱ्यासाठी ॲक्रिलिक वापरा, तांदळाचं पीठ कापडावर टिकत नाही.

आता माझ्या सगळ्यात आवडीचा चौकोन. त्यात ‘७ ते ४’ ठिपके घालायचे. मधल्या ओळीत ७, मग वर आणि खाली ६, ५, ४. दोन ठिपक्यांत ६ सेंमी, दोन ओळींत ५.२ सेंमी. प्रत्येक ओळ अर्ध्या ठिपक्याने सरकवा. मधल्या ठिपक्यावर दोरी धरून १८ सेंमी त्रिज्येचं वर्तुळ फिरवलं, की ते बरोबर सहा कोपऱ्यांच्या ठिपक्यांतून जातं. एकाआड एक कोपरे सरळ रेषेने जोडले की दोन त्रिकोण एकमेकांत अडकतात आणि जाळीत असते तशी सहा टोकांची चांदणी तयार होते. आतल्या त्याच ठिपक्यांभोवती तेलुगू मुलगी मुग्गूचं वळण काढू शकते. जाळीची नक्षी आणणारं मूल आणि ती, दोघांपैकी कुणालाच आपली नक्षी बदलावी लागत नाही. हे मुलांना आधी सांगू नका, दोरी फिरवताना त्यांना स्वतःलाच दिसू द्या.

बाकीच्या चौकोनांत मात्र सरमिसळ करू नका. चैत्रांगणात मुग्गू घुसडला की दोन्ही बिघडतात. चौकोन जोडायचे कसे, ते तेलुगू घरांकडूनच घ्या. संक्रांतीच्या दिवसांत तिथे दारात रथाचा मुग्गू काढतात आणि रथाचा दोर रेषेने शेजाऱ्याच्या दारापर्यंत नेतात. तसाच एक पांढरा दोर पहिल्या चौकोनापासून बाराव्यापर्यंत न तोडता न्या. चौकोनाच्या कडेपर्यंत तो त्या गटाने काढायचा, पुढे शेजारच्या गटाने.

देवाची चिन्हं काढायची की नाही, हे त्या त्या मुलाच्या घरावर सोडा, आग्रह नको. कापड भिंतीवरच टांगा, जमिनीवर अंथरलं तर पाय पडतात.

प्रत्येक चौकोनाखाली चिठ्ठी लावा: काढणाऱ्यांची नावं आणि ज्यांच्याकडून शिकले त्यांचं नाव. प्रदर्शनाला त्या आज्यांना, आयांना आवर्जून बोलवा. एखादं वळण चुकलं असेल तर त्या लगेच सांगतात. पांढऱ्या रंगाची वाटी आणि बारीक ब्रश हाताशी ठेवा, म्हणजे त्यांना तिथल्या तिथे दुरुस्त करता येईल.