घुमट आधी, ताशा नको

घर सोडून आलेल्या मुलांसोबत मी दर रविवारी वाजवायला बसते. पहिल्याच रविवारी माझ्याकडून चूक झाली. गोव्याच्या शिगम्यातला ताशा घेऊन गेले. काठी पडली मात्र, आठ वर्षांची एक मुलगी कान दाबून बाकाखाली शिरली. दंगलीत घर जळाल्यावर तिचं कुटुंब इथं आलं होतं, हे मला मागाहून समजलं. तेव्हापासून फोंड्याहून निघताना मी फक्त घुमटं घेते, म्हणजे मातीच्या मडक्यावर चामडं ताणलेली वाद्यं.

घर सोडून यावं लागलेल्या मुलांसोबत वाजवायचं तर आवाज खालचा, घुमणारा हवा आणि तो त्यांच्या मुठीत हवा. घुमटाच्या मोठ्या तोंडावर चामडं असतं, लहान तोंड उघडं. उजव्या हाताने थाप द्यायची, डाव्या तळव्याने लहान तोंड झाकायचं, सोडायचं. आवाज दबतो, खुलतो, आणि ते आपल्याच हातानं होतंय हे मुलाला लगेच कळतं. (बकऱ्याच्या चामड्याचंच घ्या. पूर्वी घोरपडीचं लावत, पण घोरपड मारायला कायद्याने बंदी आहे.)

गोल करून बसा. दार उघडं ठेवा, कुणाचीही पाठ दाराकडे नको. वाजवण्याआधी सांगा, "आता मी वाजवते हां." मग सगळ्यांनी मिळून एकच संथ थाप, दोन-तीन मिनिटं. ज्याला वाजवायचं नसेल त्याने नुसतं बसावं. काय झालं होतं, हे विचारू नका. ज्याला झोप येत नाही, जो एकसारखा दचकतो, त्याला समुपदेशकाकडे न्यायलाच हवं. वादन हा त्याला पर्याय नाही.

पुढे एकेकाने आपलं नाव वाजवायचं. जितकी अक्षरं तितक्या थापा. सगळे त्या परत वाजवतात. भाषा येत नसली तरी इथं अडत नाही. चुकलं तर दुरुस्त करू नका, चुकलेलंच सगळ्यांनी वाजवा.

शेवटी एकेकाला पुढारीपण द्या. त्याने हात वर केला की सगळे थांबणार. घाई मात्र करू नका. ती मुलगी चार रविवार माझ्या घुमटाच्या पोटाला तळवा लावून नुसती बसायची, थरथर अनुभवत. पाचव्या रविवारी तिने हात वर केला. अकराही घुमटं थांबली. तिने सगळ्यांकडे एकेक करून पाहिलं, हात बराच वेळ तसाच ठेवला, आणि मग स्वतः पहिली थाप दिली.