चिंचोक्यांत मोजा ध्रुवीय अस्वलं

विज्ञान प्रदर्शनात कापसाचा बर्फ चिकटवलेला 'अस्वल वाचवा' तक्ता दरवर्षी असतोच. माझ्या आठवीच्या पोरांना मी तो करू देत नाही. किती आहेत ते कळल्याशिवाय वाचवणार काय? आधी मोजायला शिका.

चिंचोके सोलापुरात कुणाच्याही घरी मिळतात. तीन-चार वाट्या घ्या, झाकणाचा डबा आणि पांढरं नेलपॉलिश. मूठभर चिंचोके काढा, समजा 60 निघाले. प्रत्येकावर ठिपका द्या आणि पूर्ण वाळू द्या, नाहीतर दोन-दोन चिकटून बसतात. परत डब्यात टाका, जोरात हलवा आणि न बघता 50 काढा. त्यात ठिपक्याचे 10 निघाले, म्हणजे पाचात एक ठिपकेवाला; डब्यातही तसंच धरलं, तर 60 गुणिले 50 भागिले 10, म्हणजे डब्यात साधारण 300. मग सगळे ओतून मोजा आणि ताळा बघा.

खरी अस्वलंही याच युक्तीनं मोजतात, पण अस्वलाला ठिपका देणं जिवावरचं काम. हेलिकॉप्टरमधून भुलीचं इंजेक्शन मारतात, कानाला टॅग लावतात आणि ओठाच्या आत तोच नंबर गोंदतात, कारण टॅग पडू शकतो. वय कळावं म्हणून एक बारकी दाढही काढतात. रेडिओ कॉलर मात्र माद्यांनाच. नराची मान डोक्याहून जाड, पट्टा सरळ निसटतो.

आता मुद्दाम बिघडवून बघा, खरी मजा इथंच आहे. ठिपकेवाले वरच ठेवा, डबा हलवू नका आणि वरवरचेच काढा: ठिपके जास्त येतात, उत्तर कमी येतं. काही ठिपके खरवडून टाका: उत्तर फुगतं.

उत्तर चुकलं तर काय होतं? कॅनडात मॅक्लिंटॉक चॅनेल भागात 700 अस्वलं धरून तिथल्या मूळच्या इनुइट लोकांच्या शिकारीचा कोटा ठरवलेला होता. नव्या मोजणीत निघाली 284. 2001 मध्ये शिकार थांबवावी लागली. पुढं सुरू झाली ती अगदी मोजक्या कोट्यावर. 2014 ते 2016 मध्ये पुन्हा मोजलं, पण पकडापकडी न करता. छोट्या डार्टनं कातडीचा तुकडा घेतला, डीएनए हाच ठिपका. या वेळी 716 आली.

"मग आपल्या नान्नज अभयारण्यातले माळढोक पक्षी असेच मोजायचे का ओ सर?" असं एकीनं विचारलं. नाही. इतके कमी उरलेत की या गणिताला दम राहत नाही, आणि पकडताना एक दगावला तर तोटा केवढा! तिथं लांबून दुर्बिणीनं बघणंच बरं.

प्रदर्शनात डबा परीक्षकांच्याच हातात द्या. "नक्की किती?" असं त्यांनी विचारलं, तर एकच आकडा सांगू नका. चार-पाच वेळा काढून सगळ्यात कमी आणि सगळ्यात जास्त उत्तर फळ्यावर लिहा. त्या 716 शेजारीही 545 ते 955 असा पल्ला दिलेला आहे.