कोल्हापुरात जिम कुठली लावायची, आणि लावल्यावर टिकायचं कसं

जिम लावायची म्हटलं की सगळे पहिला प्रश्न हाच विचारतात, तिथं मशिनी कसल्या आहेत. मला वाटतंय घोळ तिथंच सुरू होतोय, कारण मशिनी आता सगळीकडं थोड्याफार सारख्याच असतात, पण तुम्ही आठवड्यातनं किती वेळा तिथं पाऊल टाकणार हे मशिनींवर ठरत नाही, ते ठरतंय अंतरावर, वेळेवर आणि तिथल्या माणसांवर. म्हणून माझं सरळ म्हणणं हे की तुम्ही दोन दिवस दिसला नाहीत तर "कुठं होतास रे?" असं जिथं कोणीतरी विचारतंय ती जिम लावा, मग ती दिसायला जरा साधी असली तरी चालतंय.

आधी अंतराचं बोलू. किलोमीटर मोजू नका, तुम्ही ज्या वेळेला जाणार त्या वेळेला किती मिनिटं लागतात ते मोजा. कळंब्यात राहणाऱ्या माणसानं संध्याकाळी सातला ताराबाई पार्कातली जिम लावली तर पहिला आठवडा हौसेनं जाईल, नंतर प्रत्येक सिग्नलला थांबल्यावर डोक्यात एकच विचार येणार, आज राहू दे. गाडीवरनं दहा मिनिटांच्या आत असेल तरच बघा, चालत जाण्यासारखी मिळाली तर सोन्याहून पिवळं. आणि अंतर फक्त घरापासनंच मोजायचं असं पण नाही हां, शिरोली एमआयडीसीत कामाला असणाऱ्याला राजारामपुरीत घराजवळची जिम लावण्यापेक्षा कावळा नाक्याजवळची वाटेतली जिम जास्त टिकते, कारण सुट्टी झाली की डिकीत बॅग आहेच, तिथनं थेट आत. एकदा घरात जाऊन चप्पल काढली, चहा घेतला, पोरं अंगावर आली की परत बाहेर पडायला लई मोठं मन लागतंय, आणि रोज ते मन आणायचं कुठनं. गोकुळ शिरगावकडं कामाला असणाऱ्यांनी पण असाच जायच्या यायच्या वाटेचा विचार करा.

आपल्याकडं अजून एक गोष्ट बघायला लागतीय ती म्हणजे पावसाळा. जून ते सप्टेंबर गाडीवरनं भिजत जायला लागणार हे धरूनच जागा निवडा, आणि नदीच्या पलीकडं राहत असाल तर पंचगंगेचं पाणी चढल्यावर तुमचा रस्ता बंद होतोय का ते पण बघा, २०१९ आणि २०२१ ला शिरोलीजवळ हायवेच बंद होता हे आपण सगळ्यांनी बघितलंय. चार महिने जाता येणार नाही अशी जिम बारा महिन्यांच्या पैशात घेण्यात अर्थ नाही.

आता प्रत्यक्ष बघायला जायचं, पण दुपारी तीनला नको, तेव्हा सगळ्याच जिम छान वाटतात. तुम्ही ज्या वेळेला जाणार त्याच वेळेला जा, शक्यतो सोमवारी, कारण सोमवारी बहुतेक सगळ्यांचा चेस्ट, म्हणजे छातीचा व्यायाम, असतोय आणि बेंचला किती जण नंबर लावून उभे आहेत ते तिथल्या तिथं कळतंय. एकच स्क्वॉट रॅक (खांद्यावर वजन घेऊन बैठका मारायची चौकट) आणि त्याला पाच पोरं असतील तर तुमचा एक तासाचा व्यायाम दोन तासांचा होणार. डंबेलच्या जोड्या पूर्ण आहेत का बघा, अडीच, पाच, साडेसात अशा चढत जाणाऱ्या, आणि सव्वा किलोच्या बारक्या प्लेटी आहेत का ते तर नक्की बघा, कारण नवीन माणसाला एकदम दहा किलो वाढवता येत नाही, थोडं थोडंच वाढतंय. केबलची वायर कुठं उसवलीय का, बेंच हलतोय का, ट्रेडमिलला इमर्जन्सीची क्लिप आहे का, हवा खेळती आहे का, संडास बाथरूम स्वच्छ आहे का, प्यायला पाणी आहे का. आरसे, निळे लाइट, भिंतीवरचे बॉडीबिल्डर आणि मोठा साउंड ह्यांच्याकडं लक्ष देऊ नका, त्यानं तुमचा एक किलो पण वाढणार नाही की कमी होणार नाही. एक दोन दिवस ट्रायल मागा, फुकट देत नसतील तर त्या दिवसांचे पैसे द्या पण घाम गाळून बघितल्याशिवाय फी भरू नका.

ट्रेनर ओळखायची माझी एक पद्धत आहे. चांगला ट्रेनर पहिल्यांदा तुम्हाला विचारतोय: वय काय, बीपी शुगर आहे का, गुडघा कंबर कधी दुखलीय का, काम बसून असतंय का उभ्यानं. ह्यातलं काही न विचारता जो थेट बेंचवर झोपवतोय किंवा पहिल्याच भेटीत पावडरीचा डबा दाखवतोय, तिथं जरा सावध राहा. दुसरं असं बघा की कोपऱ्यात चुकीच्या पोझमध्ये डेडलिफ्ट मारणाऱ्या, म्हणजे जमिनीवरनं वजन उचलणाऱ्या, पोराकडं तो उठून जातोय का मोबाईलमध्ये मान घालून बसलाय. वेगळा पर्सनल ट्रेनर परवडत नसेल तर काही बिघडत नाही, फक्त फ्लोअरवरचा, म्हणजे सगळ्यांसाठी असणारा, ट्रेनर पहिला महिनाभर तुम्हाला स्क्वॉट (बैठक), प्रेस (वजन ढकलणं), रो (वजन ओढणं) हे नीट शिकवेल का एवढं फी भरायच्या आधी तोंडावर विचारून घ्या.

ताईंनी, वहिनींनी अजून दोन चार गोष्टी बघाव्यात. लेडीज बॅच आहे म्हणतात खरं, पण त्या वेळेत वजनं वापरायला मिळतात का नुसताच झुंबा असतोय ते विचारा, कारण हाडांसाठी आणि स्नायूंसाठी वजन उचलणं बायकांना पुरुषांइतकंच, चाळिशीनंतर तर जास्तच गरजेचं आहे. लेडी ट्रेनर खरंच असते का फक्त बोर्डावर, कपडे बदलायची जागा नीट बंद होते का, रात्री पार्किंगला लाइट असतोय का. आणि मालकापेक्षा तिथं येणाऱ्या बायकांनाच विचारा, दोन मिनिटांत खरं काय ते कळतंय.

पैशाचं. वर्षाची फी एकदम भरली की स्वस्त पडते हे खरंय, पण ते फक्त वर्षभर जाणाऱ्याला. अमेरिकेतल्या दोन अर्थशास्त्रज्ञांनी तिथल्या जिमच्या हजेरीचा अभ्यास करून २००६ साली छापला, त्यात असं निघालं की महिन्याची मेंबरशिप घेतलेल्या लोकांना प्रत्येक खेपेला १७ डॉलरच्या वर पडत होते आणि दहा खेपांचा पास घेतला असता तर एक खेप १० डॉलरला पडली असती. म्हणजे फी भरताना माणूस स्वतःबद्दल जरा जास्तच मोठा अंदाज करतोय, तिकडचा काय आणि इकडचा काय. म्हणून पहिल्यांदा एक महिना भरा, फार तर तीन. "आजच भरला तरच ही ऑफर" असं म्हणणाऱ्याला हात जोडून बाहेर या, ती ऑफर दिवाळीला परत येणार, नवीन वर्षाला परत येणार. पावती घ्याच. आजारी पडलो, बदली झाली तर मेंबरशिप फ्रीज करता, म्हणजे मधे थांबवता, येतंय का, दुसऱ्याच्या नावावर करता येतंय का ते कागदावर लिहून घ्या. जीएसटी लावत असतील तर पावतीवर त्यांचा जीएसटी नंबर पाहिजे, आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून जिमच्या फीवरचा टॅक्स १८ टक्क्यांवरनं ५ टक्क्यांवर आलाय, जुनाच आकडा लावून बिल केलं असेल तर विचारा. फसवणूक झालीच तर ग्राहक हेल्पलाइन १९१५.

आता टिकायचं कसं, आणि ह्यावर मला जास्त बोलायचंय, कारण जिम शोधणं दोन दिवसांचं काम आहे आणि टिकणं वर्षांचं.

आपण कोल्हापुरातली माणसं, ह्याचं उत्तर आपल्या गल्लीतच आहे. शाहू महाराजांनी कुस्तीला राजाश्रय दिला, खासबाग मैदान बांधलं, आणि ह्या गावात पेठेपेठेत तालीम उभी राहिली. १९५२ ला हेलसिंकीत स्वतंत्र भारताला पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळवून देणारे खाशाबा जाधव राजाराम कॉलेजचे विद्यार्थी. मोतीबाग, गंगावेश, शाहूपुरी तालमीतला पोरगा पहाटे अंधारात उठून जोर बैठका मारतोय ते रोज उठून मोटिव्हेशनचे व्हिडिओ बघून नव्हे. वेळ ठरलेली आहे, वस्ताद बघतोय, आणि जोडीचा पोरगा हौद्यात, म्हणजे कुस्तीच्या मातीत, वाट बघत उभा आहे, ह्या तीन गोष्टींमुळं त्याला जायलाच लागतंय. मन लागतंय का नाही हा प्रश्नच त्याला पडत नाही. आपण जिममध्ये ह्या तिन्ही गोष्टी उभ्या करायच्या, बाकी काही नाही. (काही तालमींत आता माती बरोबर वेट्सची पण सोय आहे आणि फी पण बेताची, पेठेत राहत असाल तर आधी तिथं चौकशी करा.)

वेळ म्हणजे "जमेल तेव्हा" नाही, सोम बुध शुक्र सकाळी साडेसहा असं. सुरुवातीला तीनच दिवस ठरवा, सहा नको. जागतिक आरोग्य संघटनेनं मोठ्या माणसांसाठी सांगितलंय की आठवड्याला निदान १५० मिनिटं मध्यम व्यायाम आणि दोन दिवस स्नायूंचा व्यायाम, म्हणजे तीन दिवस जिम आणि उरलेल्यातले दोन तीन दिवस रंकाळ्याला किंवा विद्यापीठाच्या रस्त्यानं जरा झपाझप चालून ती १५० मिनिटं भरली की हिशोब बसतोय. वस्ताद म्हणजे तुमचा ट्रेनर किंवा जिममधला कोणी जुना माणूस, त्याला पहिल्याच दिवशी सांगून टाका की मी ह्या ह्या वेळेला येणार, नाही आलो तर मेसेज टाक. आणि जोड म्हणजे पार्टनर, शक्यतो त्याच गल्लीतला, एका गाडीवर जाणारा, कारण खाली हॉर्न वाजला की माणूस उठतोयच. फक्त पार्टनर असा बघा की तो नाही आला तरी तुम्ही जाणार, नाहीतर दोघं मिळून घरी बसता.

पहिल्या आठवड्यातच बरेच लोक गळतात, आणि त्याचं एक कारण अंगदुखी. नवीन व्यायामानंतर स्नायू लगेच नाही, साधारण एक ते तीन दिवसांनी जास्त दुखतात, आणि पहिल्याच दिवशी जोशात शंभर बैठका मारलेल्या माणसाला तिसऱ्या दिवशी जिना उतरता येत नाही, मग तो चौथ्या दिवशी कशाला येतोय. पहिले दोन आठवडे व्यायाम करून बाहेर पडताना "अजून थोडं जमलं असतं" असं वाटलं पाहिजे, एवढंच करा. स्नायूंचं साधं दुखणं सहन होतंय, पण सांध्यात टोचल्यासारखं दुखलं, छातीत दाबल्यासारखं झालं, चक्कर आली तर तिथंच थांबायचं आणि डॉक्टर गाठायचा, त्यात मर्दुमकी नाही. चाळिशीच्या पुढं असाल किंवा बीपी शुगरची गोळी चालू असेल तर सुरू करायच्या आधीच डॉक्टरांना एकदा दाखवून या.

सवय लागायला २१ दिवस लागतात असं सगळीकडं ऐकायला मिळतंय. लंडनमध्ये झालेल्या एका अभ्यासात ही मुदत सरासरी ६६ दिवस निघाली, कुणाला १८ दिवस लागले तर कुणाचा अंदाज २५४ पर्यंत गेला, आणि मधला एखादा दिवस चुकला तर त्यानं फारसं काही बिघडत नाही हे पण त्यातच दिसलं. हे लक्षात ठेवा, कारण आपल्याकडं गौरी गणपती आहेत, अंबाबाईचं नवरात्र आहे, लग्नसराई आहे, पाहुण्यांना तांबडा पांढरा खाऊ घालायचाय, खाडे होणारच. खाडा झाला म्हणून वाईट वाटून घ्यायचं नाही, पण लागोपाठ दोन ठरलेले दिवस सोडायचे नाहीत, हा एक नियम पाळा. अगदीच कंटाळा आला तर वीस मिनिटांसाठी जा, वॉर्मअप करून दोन सेट मारून घरी या, पण जा. मोठी सुट्टी पडली असेल तर परत आल्यावर उचलायचं वजन निम्म्यावर आणा, हळूहळू ते परत वर येतंय.

एक दहा रुपयांची वही ठेवा. तारीख, व्यायाम, किती किलो, किती रेप्स (एका दमात किती वेळा उचललं). वजनकाटा रोज बघू नका, तो पाण्यानं मिठानं खाली वर होतोय आणि माणसाचं मन मोडतोय, पण वहीत गेल्या महिन्यात वीस किलोला आठ रेप्स होते आणि आता बारा निघतात हे दिसलं की पाय आपोआप जिमकडं वळतात. कमरेला टेप महिन्यातनं एकदा लावा. आणि इन्स्टावर बघून दर आठवड्याला नवीन प्रोग्रॅम नको, एकच साधा प्रोग्रॅम दोन तीन महिने धरून ठेवा.

खुराकाचं थोडक्यात. आयसीएमआरनं (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) साध्या माणसाला रोज किलोमागं ०.८३ ग्रॅम प्रोटीन सांगितलंय, म्हणजे सत्तर किलोच्या माणसाला ५८ ग्रॅम, वजनं उचलणाऱ्याला त्यापेक्षा जास्त लागतंय. एका अंड्यात सहा ग्रॅम, अर्धा लिटर म्हशीच्या दुधात साधारण अठरा, मूठभर शेंगदाण्यात सात. दूध कट्ट्यावरचं धारोष्ण दूध आपला अभिमान आहे, पण वजन कमी करायचं असेल तर अर्ध्या लिटरमागं ५०० च्या आसपास कॅलरी जातात हे धरून प्या, आणि कच्चं दूध उकळूनच घ्या. पावडर घ्यायचीच असेल तर बिल घ्या, डब्यावरचा १४ आकडी एफएसएसएआय (सरकारी अन्न सुरक्षा संस्था) नंबर तपासा. इंजेक्शन आणि "कोर्स", म्हणजे स्टेरॉइड, सुचवणारा कोणीही असो, तिथनं निघा, हृदयाशी आणि लिव्हरशी खेळ आहे तो.

आणि समोर काहीतरी खरं ध्येय ठेवा. दर जुलैत पन्हाळा ते पावनखिंड पायी जाणारे गट असतात, १६६० च्या त्या रात्रीची आठवण म्हणून, चिखल पाऊस आणि चढउतारात. जानेवारीत जिम लावली तर जुलैसाठी पाय तयार करायला सहा महिने मिळतात, आणि लेग डे, म्हणजे पायांच्या व्यायामाचा दिवस, टाळायची इच्छा झाली की त्या वाटेवरचा चिखल आठवतोय.

तीन महिने झाले की परत फी भरायच्या आधी वही उघडा. आठवड्याला दोन तीन हजेऱ्या दिसत असतील तर खुशाल सहा महिन्यांचे भरा. नसतील तर कुठल्या दिवसांचे खाडे आहेत ते बघा, संध्याकाळचेच असतील तर सकाळची बॅच घ्या, शिफ्ट बदलली की खाडे होत असतील तर पहाटेपासनं रात्रीपर्यंत सलग उघडी असणारी जिम शोधा, आणि तुम्ही महिनाभर गेला नाहीत तरी तिथं कोणाच्या ध्यानातच आलं नसेल तर जिम बदला.