वीर्यतपासणी आणि ‘चौदावा दिवस’: या चुका टाळा

रिपोर्ट खराब आला की औषधांच्या मागे धावण्याआधी सॅम्पल लॅबपर्यंत कसं आलं ते आठवा.

ठाण्यातल्या घोडबंदर रोडवरचा हा ठरलेला प्रकार. कासारवडवलीला घरीच सॅम्पल काढलं, ‘खराब होऊ नये’ म्हणून डबी फ्रिजमध्ये, मग आंघोळ-नाश्ता, पुढे माजिवड्याचं ट्रॅफिक. नौपाड्यातल्या लॅबच्या काउंटरवर डबी येते दोन तासांनी, गारठलेली. शुक्राणूंची हालचाल कमी दिसणारच. घरात रडारड, मावशीने सुचवलेली चूर्णं सुरू, आणि महिन्याने लॅबमध्येच सॅम्पल दिलं की रिपोर्ट व्यवस्थित! वीर्य म्हणजे दूध नव्हे, फ्रिजमध्ये टिकायला. शक्यतो लॅबमध्येच द्या. घरून आणायचंच तर अर्ध्या तासात, फार तर तासाभरात, डबी शर्टाच्या आत अंगालगत धरून. स्कूटरच्या डिकीत नको, ती तापते. सॅम्पल काढल्याची वेळ डबीवर लिहा.

सॅम्पल काढताना साधा कंडोम, तेल, थुंकी काहीही वापरू नका.

सुरुवातीचे थेंब सांडले तर तसं सांगा. बहुतेक शुक्राणू त्यातच असतात. ‘थोडंसंच गेलं’ म्हणून गप्प बसणारे स्वतःचाच रिपोर्ट बिघडवतात.

सॅम्पल देण्याआधी 2 ते 7 दिवस संबंध आणि हस्तमैथुन बंद. पंधरा दिवस ‘साठवून’ संख्या वाढते, हालचाल मंदावते.

डेंग्यू, टायफॉइडसारखा ताप येऊन गेला असेल तर तीन महिने थांबून पुन्हा तपासा. शुक्राणू तयार व्हायलाच अडीच महिने लागतात.

आता चौदावा दिवस, म्हणजे पाळी सुरू झाल्यापासून चौदाव्या दिवशीच स्त्रीबीज सुटतं हा समज. तो दिवस फक्त 28 दिवसांच्या चक्राचा. स्त्रीबीज साधारणपणे पुढच्या पाळीच्या 14 दिवस आधी सुटतं, म्हणजे 32 दिवसांचं चक्र असेल तर अठराव्या दिवसाच्या आसपास. तरी अ‍ॅपने दाखवलेला एकच दिवस धरून बसणारे आहेतच. सुटलेलं बीज 12 ते 24 तास टिकतं, शुक्राणू पाच दिवसांपर्यंत. शिवाय ते पोहोचल्या पोहोचल्या बीजात शिरू शकत नाहीत. आधी स्त्रीच्या शरीरात काही तास त्यांच्या आवरणात बदल व्हावे लागतात. मग बीजाच्या कवचाशी शुक्राणूच्या टोकावरची पिशवी फुटते, आणि एक आत गेला की कवच बाकीच्यांना बंद होतं. म्हणून बीज सुटण्याआधीच शुक्राणू बीजवाहिनीत हजर हवेत. 32 दिवसांच्या चक्रात तेराव्यापासून अठराव्यापर्यंत एक दिवसाआड संबंध ठेवा, घड्याळ लावून नको.

संबंधानंतर पाय भिंतीला लावून झोपायची गरज नाही. वीर्य बाहेर आलं तरी हरकत नाही.

दोनच महिने प्रयत्न करून आयव्हीएफची (टेस्ट ट्यूब बेबीची) चौकशी करणारे वाढलेत. पत्नी पस्तिशीच्या आत आणि पाळी नियमित असेल तर वर्षभर प्रयत्न करा, पस्तिशीनंतर सहा महिने. डॉक्टरांकडे मात्र दोघांनी जा, तिच्या एकटीच्या तपासण्या आधी उरकू नका.