वारिओ लँड ३ : पेटी उघडायची घाई नको

२०००च्या या गेम बॉय कलर (निन्टेन्डोचा हातात धरून खेळायचा कन्सोल) गेममध्ये एकूण १०० खजिने आहेत. प्रत्येक लेव्हलमध्ये चार रंगांच्या चार पेट्या, त्याच रंगांच्या किल्ल्या. पण कुठलीही पेटी उघडली की लेव्हल तिथेच संपते! म्हणून आधी त्या लेव्हलमधली आठही म्युझिकल कॉइन (साध्या नाण्यांहून वेगळी, खास नाणी) शोधा, मगच पेटीला हात लावा. त्यातली काही नाणी नव्या शक्तीशिवाय मिळतच नाहीत, तेव्हा सुरुवातीला त्यांच्यामागे धावण्यात अर्थ नाही. ती कामं शेवटी. साधी नाणी मात्र जपा: वाटेत गोल्फचा मिनी-गेम लागतो, खेळायला नाणी मोजावी लागतात आणि तो जिंकल्याशिवाय रस्ता मोकळा होत नाही. शंभरही खजिने मिळाले की टाइम अटॅक (घड्याळाशी शर्यत लावायचा मोड) खुलतो.