संगणक ऑपरेटरच्या खोलीत, कॅमेरा हॉलमध्ये: यूएसबी लांब न्यायची कशी

ग्रामपंचायतीचा हॉल असो की तालुक्याच्या पंचायत समितीचं सभागृह, मांडणी बहुतेक ठिकाणी सारखीच असते. संगणक ऑपरेटरच्या खोलीत, टीव्ही हॉलच्या भिंतीवर, आणि व्हीसीच्या (व्हिडिओ कॉन्फरन्सच्या) दिवशी कॅमेरा व स्पीकरफोनसाठी बाजारातून आणलेली १० मीटरची साधी यूएसबी वायर. ती एकतर चालतच नाही, नाहीतर सभा रंगात आली की कॅमेरा गायब होतो.

यूएसबी २.० ची साधी वायर ५ मीटरपर्यंतच, म्हणजे सुमारे १६ फूट. यूएसबी ३ ची असेल तर ३ मीटरच्या पुढे भरवसा नाही. संगणक उपकरणाकडून ठरावीक वेळेत उत्तर मागतो. ते उशिरा आलं की उपकरण नाहीच असं धरतो. त्यात बारीक तारेमुळे व्होल्टेज पडतं. म्हणून वायर विकत घ्यायच्या आधी टेप घेऊन वाट मोजा: भिंतीच्या कडेने, दाराच्या वरून, पुन्हा खाली टेबलापर्यंत. समोरासमोर ३० फूट दिसणारं अंतर अशा वाटेने सहज ५०-५५ फूट भरतं.

मोजून झालं की आधी एवढंच बघा: संगणकच हॉलमध्ये नेता येतो का? टीव्हीखाली लॅपटॉप किंवा छोटा संगणक ठेवा आणि ऑपरेटरच्या खोलीतल्या राउटरपासून लॅनची, म्हणजे नेटवर्कची वायर ओढा. लॅन १०० मीटर आरामात जाते, यूएसबी हातभर राहते, आणि निम्मी डोकेदुखी तिथेच संपते. पुढचं सगळं, संगणक हलवणं शक्यच नसेल तर.

१०-१५ मीटरसाठी अॅक्टिव्ह एक्स्टेन्शन वायर पुरते. तिच्यात सिग्नल ताजा करणारी चिप असते. एकाला एक जोडून ती वाढवता येते, पण मध्ये पाचपेक्षा जास्त हब (एका पोर्टची अनेक पोर्टं करणारे डबे) चालत नाहीत, आणि अशी प्रत्येक वायर एक हब मोजली जाते. एकदोन जोडांच्या पुढे जाऊच नये.

त्याहून लांब असेल तर कॅट-६ वर, म्हणजे आठ तारांच्या नेटवर्क वायरवर चालणारा यूएसबी एक्स्टेंडर. दोन डब्या असतात: एक संगणकाकडे, दुसरी हॉलमध्ये, मध्ये एक कॅट-६ वायर. घेताना दोन गोष्टी तपासा. पहिली, डबी खरंच यूएसबी २.० ची, ४८० एमबीपीएसची आहे ना. स्वस्तातल्या काही १२ एमबीपीएसच्या असतात, त्यांवर माऊस चालतो, कॅमेरा नाही. दुसरी, हॉलकडच्या डबीला स्वतःचा अॅडाप्टर आहे ना. यूएसबी २ चं पोर्ट ५०० मिलीअँपिअरच देतं. कॅमेरा आणि स्पीकरफोन दोन्ही लांबून त्यावर ओढले तर तग धरत नाहीत.

वायर शुद्ध तांब्याचीच मागा. तांब्याचा मुलामा दिलेली अॅल्युमिनियमची वायर स्वस्त मिळते, पण लांबीवर तिच्यात व्होल्टेज जास्त पडतं आणि जॅकजवळ ती लवकर तुटते. दोन्ही टोकांना क्रम एकच ठेवा: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. 'दोन्हीकडे सारखेच रंग लावले, मग क्रम कोणताही असेना' हा समज नडतो. टेस्टरचे आठही दिवे लागतात, पण एकमेकींना पीळ दिलेल्या तारांच्या जोड्या फुटलेल्या असतात. एका जोडीचा सिग्नल दुसरीत झिरपतो आणि कॅमेरा दर दोन मिनिटांनी तुटतो.

या डब्यांचा जॅक लॅनसारखा दिसला तरी बहुतेक डब्या लॅनच्या नसतात. त्यांची वायर स्विचमध्ये खोचायची नाही, पीओई स्विचमध्ये (जो नेटवर्कच्या वायरीतूनच वीजही देतो) तर अजिबातच नाही. डबी जळू शकते. दोन्ही टोकांना 'यूएसबी, स्विचला लावू नये' अशी चिठ्ठी चिकटवा.

जोडताना संगणक बंद ठेवा. आधी दोन्ही डब्या आणि अॅडाप्टर, मग संगणक सुरू करून फक्त कॅमेरा. विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये, म्हणजे जोडलेल्या उपकरणांच्या यादीत, तो दिसला की स्पीकरफोन. विंडोजच्या पॉवर ऑप्शन्समध्ये यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड बंद करा, नाहीतर सभेच्या आधीच्या शांततेत संगणक पोर्ट झोपवतो आणि ते नीट उठत नाही.

आता नेटवर्कवरून यूएसबी वाटून घेण्याबद्दल. रास्पबेरी पाय ४ सारख्या छोट्या संगणकाला उपकरण लावायचं, त्यावर व्हर्च्युअलहिअर किंवा लिनक्समधलं यूएसबीआयपी चालवायचं, आणि कार्यालयातल्या कोणत्याही संगणकावरून ते उपकरण आपल्याच पोर्टला असल्यासारखं वापरायचं. स्कॅनर आणि प्रिंटरसाठी हे छान जमतं. डेटा थोडा उशिरा पोचला तर कागद दोन सेकंद उशिरा येतो, एवढंच. कॅमेरा आणि माईकसाठी आमचं मत स्पष्ट आहे: नको. त्यांचा डेटा वेळेवर पोचला नाही तर पुन्हा मागवला जात नाही, आवाज तुटतो. ७२० पिक्सेलचं न दाबलेलं (कॉम्प्रेस न केलेलं) चित्र सेकंदाला ३० फ्रेमने सुमारे ४४२ एमबीपीएस मागतं. कार्यालयातला जुना १०० एमबीपीएसचा स्विच तिथेच हात टेकतो. वायफायवर तर प्रयत्नही करू नका.

स्कॅनरसाठी जोडणी अशी: पायला राउटरमधून कायमचा आयपी द्या, नाहीतर लाईन जाऊन आली की पत्ता बदलतो. व्हर्च्युअलहिअरसाठी ७५७५, यूएसबीआयपीसाठी ३२४० हे पोर्ट पायच्या फायरवॉलमध्ये फक्त आतल्या नेटवर्कपुरतं उघडा. बाहेरच्या इंटरनेटला कधीच नाही. यूएसबीआयपीत पासवर्डही नसतो, एन्क्रिप्शनही नाही. एका वेळी उपकरण एकाच संगणकाचं असतं, म्हणून काम झालं की सोडायचं. ग्रामसेवकांच्या लॅपटॉपने धरून ठेवलेला स्कॅनर ऑपरेटरला दिसणार नाही, आणि तो बिघडला असं समजून उगाच धावपळ होते. फक्त प्रिंटच काढायची असेल तर विंडोजचं साधं प्रिंटर शेअरिंग पुरतं.

सरपंच-ग्रामसेवकांचा डीएससी (डिजिटल सहीचा) टोकन मात्र या वाटणीत घालू नका. नेटवर्कवर गेला की त्याच्या आणि दुसऱ्या कोणाच्या मध्ये फक्त पिन उरतो. टोकन ज्याचा, त्याच्याच हातात.

आपल्याकडच्या हवेचं थोडं. उन्हाळ्यात हॉलमध्ये कुलर लागणारच. त्याच्या बोर्डावर डबीचा अॅडाप्टर लावू नका. मोटर सुरू होताना व्होल्टेज झोका घेतं आणि कॅमेरा सुटतो. माईक कुलरच्या झोतातही नको. वायर स्लॅबच्या कडेने पीव्हीसी पाइपातून न्या आणि पाइपाची तोंडं बंद करा, उंदीर सगळ्यात आधी तिथेच शिरतात. वायर इमारतीबाहेर, समोरच्या खोलीत न्यायची असेल तर तांब्याची नको. जूनच्या गडगडाटात वीज जवळपास पडली तरी तारेतून झटका दोन्ही टोकांना येतो. तिथे फायबर आणि दोन्ही टोकांना मीडिया कन्व्हर्टर (फायबरला लॅनच्या वायरीशी जोडणारी डबी) घाला. मात्र त्यावर कॅट-६ च्या साध्या डब्या चालणार नाहीत, नेटवर्कवरची पद्धतच चालेल, तीही स्कॅनर-प्रिंटरपुरती; कॅमेऱ्यासाठी संगणकच त्या खोलीत ठेवा.

इन्व्हर्टरवर संगणकच नाही, तर राउटर, स्विच, नेटचा डबा आणि हॉलकडचा अॅडाप्टर हे सगळं हवं. लाईन गेल्यावर कॅमेरा एकदा सुटला की परत आल्यावर व्हीसीचं अॅप त्याला आपोआप धरेलच असं नाही. सेटिंगमध्ये जाऊन कॅमेरा आणि माईक हाताने पुन्हा निवडा. सभेच्या आदल्या दिवशी कुलर चालू ठेवून अर्धा तास चाचणी घ्या आणि मध्येच मेन स्विच एकदा पाडून बघा.